आज ६१ वर पोचलो

सकाळी नऊला बाहेर पडलो होतो, आत्ता घरी टेकलोय. पाय बोलतायत, पण मन भरलंय.

पक्ष नवा, अजून नोंदणीही व्हायचीय. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम २९अ खाली अर्ज करायचा, तर किमान १०० सदस्यांची प्रतिज्ञापत्रं हवीत: मी मतदार आहे आणि दुसऱ्या कुठल्याही नोंदणीकृत पक्षाचा सदस्य नाही. स्थापनेपासून ३० दिवसांत अर्ज निवडणूक आयोगाकडे पोचला पाहिजे.

शंभर म्हणजे काय मोठंसं, असं वाटायचं. दारात उभं राहिल्यावर कळतं. तोंडी पाठिंबा द्यायला सगळे तयार. नोटरीसमोर सही म्हटलं की माणूस थांबतो. मला त्याचा राग येत नाही. सहीची किंमत कळते म्हणूनच तो थांबतो ना!

दुपारी एका मावशींनी पक्षाची घटना वाचायला मागितली. आजवर कुणी मागितली नव्हती. चष्मा लावून शांतपणे पानं उलटत होत्या. पदाधिकाऱ्यांची निवडणूक जास्तीत जास्त ५ वर्षांनी घ्यावीच लागेल, त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे खरंच करणार का रे?"

"करणार," म्हटलं. आवाज जरा कापलाच माझा.

त्यांनी मतदार ओळखपत्र पिशवीत टाकलं आणि आमच्याबरोबर नोटरीकडे आल्या. एकसष्टावी सही त्यांचीच.

अजून ३९ हव्यात. दिवस उरलेत ११. उद्या संध्याकाळी ज्यांना दोन तास देता येतील, त्यांनी मला फोन करा.