निळ्या तुकड्याची दुसरी बाजू

गिऱ्हाईक समुद्रकाच, म्हणजे समुद्रात झिजून गुळगुळीत झालेला फुटक्या काचेचा तुकडा, घेऊन येतं तेव्हा दागिना त्याच्या डोक्यात आधीच घडलेला असतो. या गृहस्थांना कुणाला तरी भेट द्यायला पदक हवं होतं. धातू अजिबात नको, वरच्या टोकाला भोक आणि त्यातून दोरी, बस. तुकडा गर्द निळा, २८ मिमी लांब, मध्ये ७ मिमी जाड, विकत घेतलेला. पांढरी, तपकिरी, हिरवी समुद्रकाच ढिगानं सापडते, निळी क्वचित. कोबाल्ट घातलेली काच औषधांच्या आणि विषाच्या बाटल्यांसाठी वापरायचे, रोजच्या बाटल्यांसाठी फारशी नाही. म्हणून निळ्यात लबाडीही जास्त.

भोकासाठी काठापासून निदान ३ मिमी धड काच लागते. काच पाण्यात बुडवून ठेवायची, दीड मिमीचा हिऱ्याचा बिट जवळजवळ दाब न देता चालवायचा आणि सारखा वर उचलत राहायचं, म्हणजे भुकटी बाहेर पडते. अर्ध्यावर आल्यावर काच उलटवून समोरून यायचं. एकाच बाजूनं आरपार गेलात की बिट बाहेर पडताना टवका उडतो. कोरडं भोक पाडणारेही आहेत. त्यांची काच तडकते आणि धूळ छातीत जाते, तरी ऐकत नाहीत.

इथे नेमका वरच्या टोकालाच ४ मिमीचा जुना टवका होता. तो किती खोल आहे ते बघायला दहापट भिंग लावलं, आणि भोकाचा विषय मागेच पडला.

समुद्रात काच दोन तऱ्हांनी झिजते. लाटा आणि वाळू तिला घासतात, आणि पाणी तिच्यातला सोडा हळूहळू ओढून घेतं. याला काही दशकं लागतात. भिंगाखाली असा पृष्ठभाग खडबडीत दिसतो, लहानमोठे खड्डे आणि मध्येमध्ये नखानं दाबल्यासारख्या चंद्रकोरी. या तुकड्याची एक बाजू अगदी अशीच होती, शंकेला जागा नव्हती. दुसऱ्या बाजूला मात्र चंद्रकोरी पुसट, वर एकसारखा रेशमी थर. टवक्यात तर गंमतच होती. काच फुटताना उमटतात त्या लहरी तिथे जशाच्या तशा, कडा धारदार, आणि तरीही सगळं धुरकट. समुद्रानं धुरकट केलं असतं तर आधी त्या धारा गेल्या असत्या. कार्बोरंडमची, म्हणजे घासायची कठीण भुकटी घालून यंत्रात घोळवली असती तरी उंचवटे आधी झिजले असते आणि खोबणी चकचकीत राहिली असती. खोबणीत आणि धारेवर सारखाच थर बसतो तो आम्लाचा, काच धुरकट करायची तयार पेस्ट मिळते तिचा. म्हणजे खऱ्या समुद्रकाचेचा टवका उडाला होता आणि विकणाऱ्यानं तो आम्लानं धुरकट करून लपवला होता.

सगळं भिंगातून दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे समुद्राचीच आहे ना? मग करा की." भोक नाही, कोंदण, एवढ्यावर ते तयार झाले.

समुद्रकाचेचं कोंदण हे किचकट काम. बूड सपाट नसतं, काठ वेडावाकडा. ०.३ मिमी जाड शुद्ध चांदीची पट्टी काठाभोवती फिरवून घेतली, सांधा कठीण झाळेनं, म्हणजे सगळ्यांत जास्त आचेला वितळणाऱ्या, जोडला, ०.६ मिमीच्या पत्र्यावर मध्यम झाळेनं बसवली, कडी मऊ झाळेनं. हा क्रम उलटा केला तर पुढचा सांधा तापवताना मागचा सुटतो. पत्र्याला करवतीनं खिडकी पाडली, कडेला फक्त २ मिमी ओठ ठेवला. मागून उजेड आला नाही तर निळी काच काळी दिसते. काच बसवून पाहताना खाली दोरा घालायचाच, नाहीतर ती अडकली की निघत नाही. एकदा काच बसली की आच बंद. चकाकीही त्याआधीच द्यायची, कारण पॉलिशचा मळ खड्ड्यांत जाऊन बसतो आणि ब्रशनं घासला तरी पूर्ण निघत नाही. पट्टी दाबायची समोरासमोरच्या बिंदूंवर, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. गोल फिरत दाबत गेलात तर शेवटी चांदीची सुरकुती उरते.

दर्शनी बाजू कुठली, यावर आमचं जमलं नाही. मला खड्ड्यांची हवी होती, त्यांना रेशमी. त्यांचंच झालं. मग टवक्यावर पट्टी तेवढ्यापुरती उंच ठेवून पानाचा आकार दिला आणि पान काचेवर दुमडलं. त्याच्याच मागे कडी.

कार्डावर मी लिहिलं: समुद्रकाच, कोंदण शुद्ध चांदी, दर्शनी बाजूचा टवका आम्लानं लपवलेला. शेवटची ओळ त्यांना नको होती. "तुम्ही तो झाकलाच आहे ना?" मी म्हणाले, पान दिसतं, खाली काहीतरी झाकलंय हे कुणालाही कळतं, आम्ल लावलं तेच मुळी कळू नये म्हणून. ते म्हणाले, "घालणाऱ्याला काय फरक पडतो पण?" याला धड उत्तर मला अजून सुचलेलं नाही. ओळ मात्र खोडली नाही.