अंधारातून आलेली मोहरी

काल संध्याकाळी कपाटातून मोहरीची रोपं बाहेर काढली. पाच दिवस अंधारात वाढलेली, लांबुडकी, फिकट पिवळी. रात्रभर दिव्याखाली ठेवली आणि आज सकाळी बीजपत्रांवर, म्हणजे बीतून येणाऱ्या पहिल्या पानांवर, हिरवी झाक! भिंग घेऊन कितीतरी वेळ बघत बसले.

अंधारात हरितलवक, म्हणजे पेशीतला प्रकाशसंश्लेषण करणारा भाग, अर्धवट घडून थांबलेलं असतं. लाल प्रकाश फायटोक्रोमला, म्हणजे उजेड ओळखणाऱ्या प्रथिनाला, जागं करतो, मग पेशीच्या केंद्रकातल्या जनुकांवरून सिग्मा घटक (वाट दाखवणारी प्रथिनं) तयार होतात. ते हरितलवकात शिरून तिथल्या आरएनए पॉलिमरेजला (जनुकाची आरएनए प्रत काढणाऱ्या विकराला) कोणतं जनुक वाचायचं ते दाखवतात. स्वतःचा डीएनए असूनही हरितलवकाचं केंद्रकावाचून अडतं.

माझा जीव मात्र हरितलवकातल्याच पीएसबीए या जनुकात अडकलाय. त्याचं डी१ प्रथिन प्रकाशात राबतं आणि प्रकाशानंच मोडतं. म्हणून उजेड वाढला की एमआरएनएचा, म्हणजे जनुकाच्या आरएनए प्रतींचा, साठा फारसा न बदलताही रायबोसोम (प्रथिनं घडवणारी यंत्रं) भराभर नवं डी१ घडवू लागतात.

१९९९ मध्ये तर पांढऱ्या मोहरीतच दिसलं, की प्लास्टोक्विनोनवर (हरितलवकात इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या रेणूवर) इलेक्ट्रॉनांची गर्दी आहे की ते मोकळं आहे, त्यावर प्रकाश पकडणाऱ्या दोन्ही प्रकाशप्रणालींच्या जनुकांचं लिप्यंतरण, म्हणजे आरएनए प्रत काढणं, बदलतं. बीजपत्रं आता पुरती उघडली आहेत. दुसरी कुंडी अजून कपाटात आहे, ती उद्या निळ्या दिव्याखाली ठेवणार.