लॅरी रॉबिन्सन, वही दुसरी: बेंचमागची वर्षं

आइस हॉकीतला डिफेन्समन (बचावपटू) लॅरी रॉबिन्सन मॉन्ट्रियलकडून खेळतानाचा भाग संपला, म्हणजे जेवढं चित्रण हाती लागलं तेवढं बघून झालं. आता रॉबिन्सन प्रशिक्षक झालाय.

पद्धत तीच. प्रतिस्पर्धी पक (रबरी चकती) घेऊन ब्लू लाइन, म्हणजे बचावक्षेत्राची हद्द, ओलांडतो त्या क्षणी चित्र थांबवायचं आणि डिफेन्समनची स्टिक कुठे आहे ते कागदावर मांडायचं. सहा फूट चार इंचांचा हा गडी अंगावर धावून जाईल असं वाटतं, पण तो जातो क्वचितच. मागेमागे सरकत समोरच्याला बोर्डाकडे, म्हणजे मैदानाभोवतीच्या कठड्याकडे, नेत राहतो. १९७६च्या अंतिम मालिकेत त्याने फिलाडेल्फियाच्या गॅरी डॉर्नहोफरला असा चेक (अंगाची धडक) दिला की मॉन्ट्रियलच्या फोरम स्टेडियममधला बोर्डच दबला, ठोकून सरळ करावा लागला. जो तो तेवढंच दाखवतो. माझ्या वहीत न दिलेल्या चेकची पानं जास्त आहेत. १,३८४ सामन्यांत पेनल्टीची (शिक्षा म्हणून बाहेर बसण्याची) मिनिटं ७९३, तीही सत्तरच्या दशकातल्या हाणामारीत खेळून! १९७६-७७चा प्लस-मायनस (तो बर्फावर असताना आपल्या संघाचे गोल वजा समोरच्यांचे) तर +१२०.

१९९५चा स्टॅन्ली कप, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचं विजेतेपद, न्यू जर्सीत, जुना सहखेळाडू जॅक लेमेअरचा सहायक म्हणून. लॉस एंजेलिसमधली मुख्य प्रशिक्षकपदाची चार वर्षं मी भराभर पुढे सरकवली.

मग २०००. साखळीचे आठ सामने उरले असताना मुख्य प्रशिक्षक रॉबी फ्टोरेकला काढून न्यू जर्सीने संघ याच्या हाती दिला. उपांत्य मालिकेत फिलाडेल्फिया ३-१ पुढे गेल्यावर हा शांत माणूस ड्रेसिंग रूममध्ये भडकला, कचऱ्याचा डबा लाथाडला. तो किस्सा सगळ्यांना पाठ आहे. सातव्या सामन्यात न्यू जर्सीच्या स्कॉट स्टीव्हन्सने फिलाडेल्फियाच्या लिंड्रॉसला आडवं केलं, तेही. मला रस आहे तो वेगळ्या आकड्यात: त्या रागानंतरच्या तिन्ही सामन्यांत फिलाडेल्फियाला एकेकच गोल. पुढे अंतिम मालिकेत डॅलसमध्ये दुसऱ्या जादा वेळेत न्यू जर्सीच्या आर्नटचा गोल, आणि कप.

माझं मत विचाराल तर तो मुळात सहायक प्रशिक्षकच. डिफेन्समनला बाजूला घेऊन स्टिक कुठे ठेवायची ते सांगणारा. मुख्य पदाचा ताण त्याला मानवला नाही; डिसेंबर २००५मध्ये त्याने ते स्वतःहून सोडलं.

आता २००१ची अंतिम मालिका घेतोय, सातही सामने. समोर कोलोरॅडोच्या गोलमध्ये पॅट्रिक रुआ, म्हणजे मॉन्ट्रियलचा तोच गोलकीपर, ज्याच्यापुढे बचावाला उभं राहून रॉबिन्सनने १९८६चा कप जिंकला. ८६च्या मालिकेचं फ्रेंच समालोचनासह चित्रण कुणाकडे असेल तर जरूर कळवा.