दशावताराच्या फिती आणि गळणाऱ्या फ्रेम

धाकट्या मामांनी १९९० च्या दशकात आमच्या वेंगुर्ल्याकडच्या गावी जत्रेतील दशावतारी नाटकांचे चित्रीकरण केले होते. त्याच्या सात व्हीएचएस कॅसेट घरात शिल्लक आहेत आणि त्या संगणकावर उतरवून घेण्याचे काम मी मे महिन्यापासून हाती घेतले आहे. यंत्र जुने आहे : पेंटियम ४, १ जीबी रॅम, विंडोज एक्सपी, पट्टी केबलवर चालणाऱ्या दोन आयडीई हार्ड डिस्क, आणि बीटी८७८ चिप असलेले पीसीआय कॅप्चर कार्ड, म्हणजे व्हीसीआरचे चित्र संगणकात घेणारे कार्ड. नवा संगणक का वापरत नाही, असे घरच्यांनी विचारलेच. या कार्डासाठी नव्या संगणकात पीसीआयची खाच नाही आणि कार्डाचे ड्रायव्हर एक्सपीवर निमूटपणे चालतात, हे त्याचे खरे उत्तर.

पहिले दोन आठवडे संगणकाला हातही लावला नाही, कारण तीन कॅसेटच्या काचेतून चकतीच्या कडेवर पांढरे ठिपके दिसत होते. आमच्याकडील दमट हवेत माळ्यावर ठेवलेल्या फितींवर बुरशी धरणारच. अशी फीत तशीच चालवली, तर व्हीसीआरचे हेड (फीत वाचणारा भाग) घाण होते आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. म्हणून त्या तिन्ही कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात बंद केल्या आहेत. उरलेल्या चारांपैकी एक व्हीसीआरमध्ये पुढे-मागे पूर्ण गुंडाळून घेतली आणि मगच तिच्यावर काम सुरू केले. हेड साफ करताना कापूस वापरू नये, त्याचे तंतू हेडमध्ये अडकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला मऊ चामड्याचा तुकडा आडवा टेकवून हेड बसवलेला ड्रम हाताने हळूच फिरवावा.

सुरुवातीस चित्र काळे-पांढरे येऊन वर सरकत होते, ते कार्ड एनटीएससी या अमेरिकी टीव्ही पद्धतीवर असल्यामुळे. आपल्याकडची पाल पद्धत निवडल्यावर ते स्थिर झाले.

खरी अडचण पुढे आली. व्हर्च्युअलडब या चित्र उतरवण्याच्या प्रोग्राममध्ये ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ फ्रेम (सुटी चित्रे) आणि चित्र संकुचित करणारा हफवाययूव्ही कोडेक अशी मांडणी करून २० मिनिटे मुद्रण (रेकॉर्डिंग) केले, तेव्हा ३०,००० फ्रेमपैकी २,१४० गळल्या, म्हणजे फाइलमध्ये उतरल्याच नाहीत. उतरलेले चित्र पाहताना पात्रे ठेचकाळत चालल्यासारखी दिसत होती, आणि झांजेचा ठोका व तिचा आवाज यांचा मेळ तिसऱ्या मिनिटालाच सुटला होता. मी दोष फितीला दिला. व्हीएचएसचा संकेत (सिग्नल) मुळातच थरथरता असतो आणि जुनी फीत ताणली गेली, की कार्डाला फ्रेमचा आरंभ नीट सापडत नाही, हे ठाऊक असल्यामुळे आठवडाभर मी व्हीसीआरच्या ट्रॅकिंगशीच, म्हणजे हेड फितीवरील रेघांशी जुळवण्याच्या सोयीशीच, झटापट करीत राहिलो.

शेवटी फीत बाजूला ठेवली आणि टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सची पिवळी तार कार्डाला जोडली. त्या बॉक्सचा संकेत अगदी स्थिर असतो, तरीही फ्रेम गळल्या. म्हणजे दोष संगणकातच होता. मग व्हर्च्युअलडबमधील चाचणी मुद्रण चालवले, ज्यात सर्व काम होते पण डिस्कवर काहीच लिहिले जात नाही. तेथे एकही फ्रेम गळली नाही. कार्ड, पीसीआय बस आणि प्रोसेसर असे तिघेही एकाच चाचणीत निर्दोष सुटले.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये दुसऱ्या आयडीई चॅनेलच्या (डिस्कच्या जोडणीच्या) तपशिलात अल्ट्रा डीएमए या वेगवान पद्धतीऐवजी ‘पीआयओ’ ही जुनी, संथ पद्धत लिहिलेली आढळली. पीआयओत डिस्ककडे जाणारा प्रत्येक शब्द प्रोसेसरच्या हातून जातो, आणि माझा प्रोसेसर तर त्याच वेळी चित्र संकुचित करण्यात गुंतलेला. असंकुचित चित्राचा ओघ सेकंदाला सुमारे २०.७ एमबी असतो. हफवाययूव्हीने तो निम्म्यावर आला, तरी पीआयओला तो पेलवेना. चित्राची रुंदी ३५२ वर आणली असता गळती थांबली होती, आणि व्हीएचएसच्या चित्रात तसाही फार बारकावा नसल्यामुळे तेवढ्यावर समाधान मानण्याचा मोह झाला होता. तसे केले असते, तर हा दोष आजही यंत्रात दडून राहिला असता.

डिस्कशी व्यवहार करताना चुका होऊ लागल्या, की एक्सपी दर सहा चुकांनंतर वेग एक पायरी खाली आणते आणि अखेरीस पीआयओवर येऊन थांबते. चुकांचे मूळ पट्टी केबलच्या टोकाशी होते. खाऱ्या हवेने डिस्कच्या पिनांवर हिरवट थर चढला होता, शिवाय केबल जुन्या ४० तारांची होती. मी पिना साफ केल्या, ८० तारांची केबल घातली, आणि फरक शून्य! केबल निर्दोष होती असे समजून मी जुनीच परत लावणार होतो. मात्र कारण दूर झाले तरी एक्सपी खाली आणलेला वेग आपणहून वाढवत नाही, हे नंतर लक्षात आले. डिव्हाइस मॅनेजरमधून ते चॅनेल काढून संगणक पुन्हा सुरू केल्यावर यंत्रणेने ते नव्याने ओळखले आणि अल्ट्रा डीएमए ५ दिसू लागले. त्यानंतरच्या एका तासाच्या मुद्रणात ९०,००० पैकी ३ फ्रेम गळल्या, आणि त्या तिन्ही फीत चुरगळलेल्या जागीच.

डिस्कची फाइल साठवण्याची मांडणी एफएटी३२ असल्यामुळे कोणतीही फाइल ४ जीबीला अडत होती, आणि हफवाययूव्हीत तासाला तीसएक जीबी लागतात, म्हणून ती बदलून अशी मर्यादा नसलेली एनटीएफएस करून घेतली.

मुद्रण चालू असताना तीच फाइल दुसऱ्या प्लेअरमध्ये पाहू गेलो, तर खिडकी काळी. माझ्या ग्राफिक्स कार्डावर ओव्हरले, म्हणजे चलचित्र थेट पडद्यावर दाखवण्याची सोय, एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो आणि तो व्हर्च्युअलडबने धरून ठेवलेला असतो, एवढेच त्याचे कारण होते. फाइल ठीक होती.

आवाजाचा सूक्ष्म फरक मात्र अजून उरला आहे. आरंभी झांज अचूक जुळते, तासाच्या शेवटी आवाज ०.४ सेकंद मागे पडतो. हा गळतीचा परिणाम नव्हे; कॅप्चर कार्ड आणि मदरबोर्डवरील साउंड यांची घड्याळे वेगवेगळी असून ती हळूहळू एकमेकांपासून सरकतात. आवाज ४४,१०० ऐवजी ४८,००० हर्ट्‌झवर घेऊन पाहिला, तरी फरक तेवढाच राहिला. पुढच्या कॅसेटसाठी आवाज चित्राच्या लांबीशी जुळवून घेण्याची सोय चालू करून ठेवली आहे.

संकासुराच्या प्रवेशात त्याचा काळा पोशाख मागच्या अंधारात पार विरघळतो. फितीवर त्याच्या घड्या दिसतात, उतरलेल्या चित्रात दिसत नाहीत, म्हणजे कार्डाची ब्राइटनेस पातळी काळ्या छटा कापते आहे. हिस्टोग्राम (चित्रातील उजळ-काळ्या छटांचा आलेख) पाहून ती थोडी वर घेतली आहे आणि पहिल्या कॅसेटचा तेवढा भाग पुन्हा उतरवायला लावला आहे.