लुकबानचा पहियास आणि आमची कोरी गल्ली

मनिलाबद्दल फार लिहीत नाही. इंट्रामुरोस या जुन्या तटबंदीच्या शहराच्या तटावरून भर उन्हात फिरले, 1607 साली बांधून झालेलं सान आगुस्तिन चर्च बघितलं, फिलिपिन्सचा राष्ट्रनायक होसे रिसाल याला स्पॅनिश राजवटीने 30 डिसेंबर 1896 रोजी गोळ्या घालण्याआधी जिथे कोंडलं होतं तो फोर्ट सांतियागो बघितला, आणि उरलेला वेळ ट्रॅफिकमध्ये घालवला. आपल्याकडून फिलिपिन्सला जाणारे बहुतेक जण इथून थेट बोराकाय नाहीतर पलावान गाठतात. मी सिंधुदुर्गातली. समुद्र बघायला विमानाचं तिकीट काढायचं माझ्या जिवावर येतं. मला जायचं होतं लुकबानला, 15 मेच्या पहियासला, म्हणजे तिथल्या पिकांच्या सणाला.

लुकबान हे केसोन प्रांतातलं, बानाहाव डोंगराच्या पायथ्याचं गाव. मनिलाहून बसने लुसेना आणि तिथून जीपनी, म्हणजे तिकडची लांबुळकी, वडापसारखी जीप. जीपनीत मागे बसलेला माणूस "बायाद पो" (भाडं घ्या हो) म्हणत पैसे पुढच्याच्या हातात देतो, ते हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातात आणि सुटे तसेच हातोहात परत येतात. सणाच्या गर्दीत रस्ता तुंबलेला, गुडघ्याला गुडघे लागलेले, आणि माझे सुटे पेसो मात्र बरोबर माझ्याकडे.

समोर बसलेल्या एका युरोपियन प्रवाशाने गप्पांच्या ओघात ठणकावून सांगितलं, की हे सगळं स्पॅनिशांचं उरलंसुरलं आहे, "खरी" फिलिपिनो संस्कृती पाहायची तर वर इफुगाओच्या भातखाचरांकडे जा. ती खाचरं थोरच आहेत, वाद नाही. पण या "खरी"ने माझं डोकं उठलं. याच लुकबानमध्ये 1815 साली आपोलिनारियो दे ला क्रूस जन्मला. लोक त्याला एर्मानो पुले म्हणतात. त्याला मठात जायचं होतं, स्थानिक म्हणून घेतलं नाही. मग त्याने 1832 मध्ये आपलाच एक भक्तसंघ काढला, आणि त्यात स्पॅनिशांना मज्जाव. सत्तेला ते पचलं नाही. 1841 मध्ये सैन्य घालून संघ चिरडला आणि पुलेला ठार मारलं. देव आमचा आहे म्हणून ज्या गावचा माणूस जीव देतो, त्या गावाच्या सणाला उरलंसुरलं म्हणायचं? मी एवढं बोलले नाही अर्थात. खिडकीबाहेर बघत बसले.

15 मे हा सान इसिद्रो लाब्रादोरचा दिवस. हा मूळचा माद्रिदकडचा शेतमजूर. तो प्रार्थनेत गुंगला की देवदूत येऊन त्याचा नांगर हाकायचे, अशी गोष्ट सांगतात. गलबतांतून पाद्र्यांबरोबर तो इथवर आला आणि भात लावणाऱ्यांनी त्याला ठेवून घेतला. पूर्वी म्हणे लोक आपापलं पीक चर्चसमोर नेऊन मांडत आणि पाद्री त्यावर आशीर्वाद देत. पुढे तिथे पीक मावेना, तेव्हा ज्याने त्याने आपल्या दारात मांडावं आणि संताने फिरून यावं असं ठरलं. मिरवणुकीचा मार्ग दरवर्षी बदलतो. ज्यांच्या दारावरून ती जाणार त्यांनी घर सजवायचं. बाकीच्यांनी गप्प बसायचं.

आमचा होमस्टे या बाकीच्यांत निघाला. खोलीचं भाडं नेहमीच्या तिप्पट, आणि आमच्या गल्लीत सजावट म्हणून वाळत घातलेले कपडे. "पहियासच्या अगदी मध्यभागी" असं जाहिरातीत वाचून घेतलेली खोली! मालकीणबाई साठीच्या पुढच्या, सगळे त्यांना तिता म्हणजे मावशी-काकू म्हणत, म्हणून मीही. माझं तोंड बघून त्या म्हणाल्या, "यंदा आमची पाळी नाही. बहिणीची आहे. स्वयंपाकघरात ये."

स्वयंपाकघरात वाफ कोंदली होती. ओट्यावर भिजवलेल्या तांदळाचं वाटण, चार पातेल्यांत चार रंग : हिरवा, गुलाबी, पिवळा, केशरी. तितांचा भाचा बाहेरून पानं आणून देत होता. त्या एकेक पान उजेडात धरून बघायच्या. भोक असलं, कड फाटली असली की पान बाद. निवडलेलं पान पुसून त्यावर डावभर पीठ ओतायचं, पान तिरकं करत ते कडेपर्यंत पसरू द्यायचं, जास्तीचं परत पातेल्यात. मग पान वाफेवर. थोड्याच वेळात पीठ पारदर्शक होतं. निवल्यावर देठाकडून अलगद सोडवलं की हातात तांदळाचं एक पान येतं, मधली शीर आणि बारीक शिरा सगळ्या उमटलेल्या. हे किपिंग. ते वजनाखाली दाबून, सुकवून, मग बांबूच्या सांगाड्यावर थरावर थर लावून त्याची झुंबरं करतात. महिनाभर आधीपासून चाललेलं काम. त्या दिवशी चालू होतं ते फक्त फुटलेल्या पानांच्या जागी नवी लावायला. मला सोलायला दिलेली पहिली तीन-चार फाटली तेव्हा तितांनी काही न बोलता माझ्या हातात पुसायचं फडकं दिलं.

संध्याकाळी सगळं बहिणीकडे पोचवलं. तो रस्ता मात्र अंगावर येत होता. आमच्याकडे गणपतीवर माटवी बांधतात, रानातली फळं-फुलं, नारळ, काकड्या टांगून. ती कुणी छतावरून काढून घराच्या अख्ख्या दर्शनी भिंतीवर चढवावी तसं. भाताच्या लोंब्या, चवळीच्या शेंगांच्या झालरी, वांगी, मुळे, भोपळे, बुरी ताडाच्या पानांच्या टोप्या. एका घराने लुकबानची प्रसिद्ध लोंगानिसा, म्हणजे लसूण घातलेल्या डुकराच्या मांसाचे सॉसेज, तोरणासारखे बांधले होते आणि खाली एक कुत्रा मोठ्या आशेने बसला होता.

दुसऱ्या दिवशीच्या गर्दीबद्दल चांगलं बोलवत नाही. डोक्यावर ड्रोन, समोर सेल्फी काठ्या, आणि घरांच्या मधोमध शीतपेयांचे नि मोबाइलचे अवाढव्य फलक. सजावटीला बक्षिसं असतात, त्यामुळे काही घरं शेतकऱ्यापेक्षा परीक्षकांसाठीच नटल्यासारखी वाटतात. एका बाईंनी फोटोत हातात धरायला म्हणून भिंतीवरचं वांगं सरळ उपटलं. घरातली आजी दारात खुर्ची टाकून बसली होती. तिने पाहिलं, आत गेली, दुसरं वांगं आणून बांधलं.

दुपारी बहिणीकडे जेवायला. दार सताड उघडं; कोण येतंय, कोण जातंय, कुणी विचारत नव्हतं. ज्यांना त्या घरात कुणीच ओळखत नव्हतं अशी माणसंही ताट वाढून घेत होती. पान्सित हाबहाब म्हणजे केळीच्या पानावरच्या नूडल्स, त्या पान तोंडाला लावून, बिनचमच्याच्या खायच्या, वर व्हिनेगर. मला जमलं, ब्लाउजला नाही. शुद्ध शाकाहारी माणसाने मात्र इथे येताना भडंग बांधून आणावा. डुकराचं मांस कशाकशात असतं याची यादी करण्यापेक्षा कशात नसतं ती लवकर संपते.

मिरवणूक निघायच्या सुमाराला आभाळ भरून आलं. शेतकऱ्याला मेमध्ये पाऊस हवाच असतो आणि सान इसिद्रोकडे लोक पाऊसही मागतात नि ऊनही. पण किपिंगवर चार थेंब पडले की लगदा. बहीण, भाचा, जावई, सगळे शिडीवर. प्लास्टिक ताणायचं, आणि संत आला की प्लास्टिकमागे लपलेलं दिसू नये म्हणून परत ओढून काढायचं. "टाक!" "काढ!" असा आरडाओरडा. आधी कागदाच्या लगद्याचे उंच हिगान्ते बाहुले डोलत गेले, मग बँड, मग खांद्यांवर सान इसिद्रो, फुलांनी मढलेला, आणि पालखीवाल्यांच्या डोक्यावर छत्र्या. भाच्याने प्लास्टिक खसकन ओढलं. बहिणीने हात जोडले. महिनाभराच्या कामावरून संत अर्ध्या मिनिटात पुढे गेला. रस्त्यातले निम्मे लोक तेव्हा झुंबराचे फोटो काढत होते, संताकडे पाठ करून.

नंतर सजावट उतरवून वाटली. शेजारच्या सारियायात याच दिवशी अगावान असतो, तिथे लोक टांगलेलं सगळं अक्षरशः ओरबाडून नेतात. इथे निदान मागून घेतात. तितांनी चार किपिंग तेलात टाकून दिले. फुलतात, कुरकुरतात, चव अशी नाही. व्हिनेगरशिवाय खाऊ नये.

निघताना जेवणाचे पैसे विचारले तर तिता रागावल्या. खोलीचे मात्र तिप्पट दराने, दोनदा मोजून घेतले. "आमची पाळी येईल त्या वर्षी ये," म्हणाल्या, "तेव्हा भाडं याहून जास्त असेल, आत्ताच सांगून ठेवते."