तिकिटांची वही, तिसरं वर्ष: रात्रीचे मार्क आणि पंधरवड्याचे मार्क

तर मंडळी, वही अपडेट करायला या वेळी उशीर झाला. गेल्या फेब्रुवारीत 'छावा'पासून ही तिसरी वही सुरू केली होती, टार्गेट ४० सिनेमे, सगळे थिएटरात, मोबाईलवर बघितलेला धरायचा नाही. आज फेब्रुवारी संपत आला आणि आकडा आहे ३१. पावसात दोन महिने गाडी घेऊन गोव्यातल्या पेडण्याहून पणजीला जायची हिंमत झाली नाही हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे पैसे, ते काय लपवायचं. सप्टेंबरात १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा एका मित्राने मला उत्साहाने फोन केला, मी म्हटलं बाबा रे, १०० च्या आतलं तिकीट आधी दाखव तरी. मंगळवारी स्वस्तात मिळतं ते खरं, पण मंगळवारी मला सुट्टी नसते.

नवीन लोकांसाठी पद्धत परत सांगतो. प्रत्येक सिनेमाला दोनदा मार्क द्यायचे. पहिले त्याच रात्री, पार्किंगमध्ये हेल्मेट घालायच्या आधी. दुसरे बरोबर पंधरा दिवसांनी, मागचं पान न बघता. मजा सगळी त्या दोन आकड्यांच्या मधल्या फरकात आहे. रात्री आपण थिएटरच्या आवाजात असतो, शिट्ट्या असतात, बरोबर कोण आहे त्याचा मूड असतो, पंधरा दिवसांनी मात्र डोक्यात जे उरलंय तेवढंच. तीन वर्षं हे केल्यावर मला माझ्या रात्रीच्या मार्कांवर काडीचा विश्वास राहिलेला नाही.

एक टेक्निकल गोष्ट, बऱ्याच जणांनी विचारली होती. तिकिटं चिकटवायला गोंद, फेविकॉल काही वापरू नका. तो थर्मल कागद असतो, पहिल्या वहीतली अर्धी तिकिटं आता कोरी पांढरी झालीत, कुठला सिनेमा, कुठली सीट, काही वाचता येत नाही. मी आता मागच्या बाजूला बॉलपेनने सगळं लिहितो आणि फोटो ठेवायचे कोपरे मिळतात त्यात अडकवतो. तेही काउंटरवरच्या माणसाने प्रिंट दिली तर, नाहीतर क्यूआर दाखवा आणि आत जा.

आता सिनेमे. सगळे ३१ सांगत बसत नाही.

'छावा'. रात्रीचे ९, पंधरवड्याचे साडेसहा. एवढी घसरण या वहीत दुसरी नाही. आमच्याकडे टॅक्स फ्री झाला तेव्हा गेलो, हाऊसफुल, बाहेर पडताना लोक एकमेकांशी बोलत नव्हते, माझ्याही घशात आवंढा, ९ देऊन टाकले. पंधरा दिवसांनी आठवायला बसलो तर लढाया सगळ्या एकमेकांत मिसळलेल्या, कुठली कुठे झाली सांगता येईना, येसूबाईंचं एक वाक्य आठवेना, आणि रेहमानचं संगीत आठवत होतं ते तिथे नको होतं म्हणून. उरलं काय तर अक्षय खन्नाचा औरंगजेब, जो फारसं काही बोलतच नाही, आणि शेवटी साखळदंडात शंभूराजे आणि कवी कलश यांची ती कवितेतली देवाणघेवाण. विनीत कुमार सिंगला त्याचं श्रेय कमीच मिळालं असं माझं मत.

आणि एक घरगुती तक्रार. १६८३ साली संभाजी महाराज गोव्यात होते. पोर्तुगीज व्हाइसरॉय फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घालायला आलेला, त्याला पिटाळला, मग एका रात्रीत जुवे बेट घेतलं, म्हणजे आजचं सांत इस्तेव, माशेलच्या पलीकडचं. पोर्तुगीज इतके हादरले की व्हाइसरॉयने जाऊन सेंट झेवियरच्या शवपेटीत आपला राजदंड ठेवला आणि आता तूच सांभाळ म्हणून साकडं घातलं. यापेक्षा मोठा सिनेमॅटिक सीन कुठला पाहिजे? मी तीन तास वाट बघत बसलो होतो. बाकी भारताला ती मोहीम माहीत नाही हे समजू शकतो, पण मला त्याचं दुःख आहे.

'सैयारा' पाच आणि पाच. भाचीला घेऊन गेलो होतो, ती आणि तिच्या मैत्रिणी इंटरव्हलनंतर जे रडायला लागल्या ते पार्किंगपर्यंत. मी पॉपकॉर्न धरून. गाणी चांगली आहेत, मोहित सुरीची असतातच. पुढे.

'आता थांबायचं नाय!' आठ आणि आठ, अजिबात हलला नाही. मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावी पास होतात, खरी घडलेली गोष्ट, भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव दोघंही कुठेही ओव्हर होत नाहीत. दिग्दर्शक शिवराज वायचळ, पुढचा आला की पहिल्या दिवशी जाणार.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तो 'दशावतार'. रात्रीचे साडेसात, पंधरवड्याचे साडेआठ, आणि समोर मार्जिनमध्ये एक प्रश्नचिन्ह, ते अजून खोडलेलं नाही.

आम्ही पेडण्याचे, म्हणजे दशावतार आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. जत्रेला पालखी फिरून झाली की मध्यरात्री उशिरा नाटक उभं राहणार, आधी संकासुर येऊन पोरांना घाबरवणार, मग आख्यान, पायपेटी आणि मृदंगावर पहाटेपर्यंत. लहानपणी आम्ही अग्रशाळेच्या, म्हणजे देवळाजवळच्या उतरायच्या खोल्यांच्या, खिडकीतून आत डोकवायचो. एका पिवळ्या बल्बखाली ट्रंकेवर आरसा टेकवून माणसं आपापला रंग लावत बसलेली, आणि एकदा बघितलं की द्रौपदी, पूर्ण शालू, नथ, गजरा, भिंतीला टेकून बिडी ओढतेय. आमच्याकडे बघून तिने शांतपणे धूर सोडला आणि म्हणाली, जा रे पोरांनो, अजून वेळ आहे. तो आवाज बाप्याचा होता. मला वाटतं मी नट या प्रकाराच्या प्रेमात तिथे पडलो.

त्यामुळे दिलीप प्रभावळकर बाबुली म्हणून तोंडाला रंग लावायला बसतात तेव्हा मी जरा सावरूनच बसलो होतो, म्हटलं आता खोटं दिसणार. नाही दिसलं. माणूस ८१ वर्षांचा, पण बोट कपाळावरून असं फिरतं की वाटावं हे आयुष्यभर हेच करत आलेत. नजर अधू झालेला कलाकार आहे, पण रंग लावताना त्याला आरशाची गरज वाटत नाही, हाताला पाठ आहे. या एका गोष्टीसाठी पंधरवड्यात एक मार्क वाढला. मालवणी संवादांवर आमच्या थिएटरात लोक वाक्य संपायच्या आधीच हसत होते, कारण पेडण्याची बोली आणि ती, मध्ये तेरेखोल नदी तेवढी.

प्रश्नचिन्ह मामामुळे. मामा डिचोलीचा, म्हणजे खाणपट्ट्यातला, त्याला मुद्दाम नेलं होतं. सिनेमात मायनिंग कंपनी गावात येते, जंगल, देवाची जागा, पोरांना नोकरीचं आमिष, पुढे काय होतं ते सांगत नाही, बघितलं नसेल तर बघा. मामाने २०१२ च्या आधी लोन काढून टिपर, म्हणजे खनिज वाहायचा ट्रक, घेतला होता. त्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या चालल्या, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीझ रद्द केली आणि परत ठप्प. टिपर कित्येक वर्षं अंगणात उभा होता, टायर जमिनीत रुतलेले, हौद्यात पावसाचं पाणी, आणि सीटखाली मामीच्या कोंबडीने अंडी घातलेली. शेवटी भंगारात दिला. पण त्याच मामाने खाणीच्या धुळीने लाल झालेली भातशेतीही बघितलीय आणि आटलेली विहीरही, म्हणजे तो काही खाणवाला नव्हे.

सिनेमा संपला, सगळे टाळ्या वाजवताहेत, मामा गप्प. गाडीत बसल्यावर म्हणाला, "बरें दाखयलां रे. पूण हप्ते कोण फारीक करता तें खंय दाखयलां?" म्हणजे, पण हप्ते कोण फेडतो ते कुठे दाखवलं?

मी काय उत्तर देणार. सुबोध खानोलकरांनी सिनेमा केलाय तो सूडाचा आणि देवाचा, त्यात बँकेचा हप्ता बसत नाही हे मला कळतं. खलनायक इतके सरळ काळे आहेत की दुसऱ्या भागात शिट्ट्या वाजवायला सोपं जातं. पण गावात ट्रकवालाही असतो, खाण पाहिजे आणि नको दोन्ही म्हणणारा, तो माणूस मराठी सिनेमात मला अजून दिसलेला नाही. कुणी दाखवला असेल तर सांगा, जिथे असेल तिथे जाऊन बघतो.

'कांतारा: चॅप्टर १', आठ आणि सात. हिंदी डब बघितला, चूक केली, कन्नडच बघायला पाहिजे होता. कदंब काळातली गोष्ट म्हटल्यावर आमच्या ग्रुपमध्ये पहिला मेसेज, तिकीट कंडक्टरकडे मिळेल का. आमच्याकडे कदंब म्हणजे बस, हे राज्य आपल्याकडेही होतं हे शाळेत शिकून विसरलेलं. दैव अंगात येण्याचे सीन बघून बाकीचे म्हणतात अंगावर काटा आला, आम्हाला जरा वेगळं होतं, आमच्याकडे देवचाराला, म्हणजे गावाच्या राखणदाराला, अजून रोट आणि सोरो (दारू) ठेवतात आणि जत्रेत भार येतो, म्हणजे देव अंगात येतो, तेव्हा आपली आजी कशी हात जोडून उभी राहते ते आपण बघितलेलं असतं. ऋषभ शेट्टीला ते कळतं. पण पहिल्या भागात, २०२२ च्या, ती गोष्ट एका गावाची होती, इथे राजवाडे, रथ, वाघ, सगळंच एवढं मोठं झालंय की गाव शोधावं लागतं.

मधे इफ्फी, म्हणजे गोव्यातला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २० ते २८ नोव्हेंबर, माझी पद्धत तिथे साफ झोपते. आठ दिवसांत १४ सिनेमे, पंधरवड्यानंतर कुठल्या देशातली म्हातारी कुठल्या बोटीवर होती काही कळेना. म्हणून इफ्फीचे सिनेमे ३१ मध्ये धरत नाही, वेगळी चार पानं आहेत. तेवढं एक लिहून ठेवतो की 'गोंधळ'साठी संतोष डावखरला दिग्दर्शनाचा रौप्य मयूर मिळाला. बातमी आली तेव्हा मी रांगेत होतो, पुढचे दोन कोल्हापूरकडचे पोरगे इतके ओरडले की व्हॉलंटियर धावत आला.

'साबर बोंडं' कामानिमित्त पुण्याला गेलो तेव्हा मिळाला, सकाळचा शो, आम्ही नऊ माणसं. अमेरिकेतल्या सन्डान्स महोत्सवात वर्ल्ड सिनेमाचं ग्रँड ज्युरी प्राइज मिळवलेला मराठी सिनेमा आणि नऊ माणसं. बाप गेल्यावर आनंद दहा दिवस गावी येतो, तिथे लहानपणचा मित्र बाळ्या, बस, एवढीच गोष्ट. रात्रीचे, म्हणजे त्या दुपारचे, साडेसहा, खरं सांगतो मधे एक डुलकी लागली. पंधरा दिवसांनी ९. काहीच न घडता बसलेली ती दोघं सारखी डोळ्यांसमोर यायची, बसमध्ये, ऑफिसात, कधीही. 'छावा' ९ वरून खाली आला आणि हा साडेसहावरून ९ वर गेला, म्हणून मी दोन कॉलम ठेवतो.

'धुरंधर' साडेआठ आणि आठ. २१४ मिनिटं. लास्ट शोला गेलो आणि पहाटे घरी पोचलो, वाटेत पर्वरीला चहा शोधत फिरलो. कराचीतल्या ल्यारीचं ते जग आदित्य धरने कसं उभं केलंय ते बघायला मी परत जाईन, पण काही संवाद टाळ्यांसाठी ठेवून दिलेले सरळ दिसतात आणि टाळ्या पडल्याही, तिथे मी दोन्ही वेळा मार्क कापलेत. मात्र अक्षय खन्ना! एकाच वहीत दोनदा हा माणूस बाकीच्यांच्या हातातून सिनेमा काढून घेतो. त्या अरबी गाण्यावरची एन्ट्री आठवड्याभरात आमच्या गावच्या लग्नात वऱ्हाडाने केली. २००१ ला 'दिल चाहता है'मध्ये आमच्या शापोऱ्याच्या किल्ल्यावर समुद्राकडे बघत बसला होता तेव्हापासून मला तो आवडतो, कमी बोलणारे नट मला आवडतात हे वहीवरून आता स्पष्टच झालंय.

शेवटचा, जानेवारीतला, 'क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम'. आठ आणि सात. आईला घेऊन गेलो. ती सरकारी मराठी प्राथमिकमध्ये शिकवायची, तिच्या शेवटच्या शाळेचा पट सातावर आला आणि मग ती शेजारच्या शाळेत विलीन. सचिन खेडेकर पडद्यावर आले की ती ताठ बसायची, जणू इन्स्पेक्शन आहे. हेमंत ढोमेने हसवलंही भरपूर. घरी येताना म्हणाली, माजी विद्यार्थी आले ते बरंच झालं रे, पण त्यांची मुलं कुठल्या शाळेत आहेत? मी गाडी चालवत होतो म्हणून उत्तर टाळता आलं. 'सैयारा'वाली भाची इंग्लिश मीडियमला आहे आणि तिचा फॉर्म भरायला मीच गेलो होतो.

पुढचा प्लॅन. ९ बाकी आहेत, वही आता पाडव्यापर्यंत वाढवून घेतलीय, माझीच वही, मीच परवानगी दिली. 'धुरंधर'चा दुसरा भाग १९ मार्चला लागतोय आणि नेमका त्याच दिवशी पाडवा. आईने आधीच बजावलंय, गुढी उतरवल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. म्हणजे फर्स्ट डे होईल, फर्स्ट शो होणार नाही. रात्री दहाच्या शोला पेडणे, म्हापशाकडचं कुणी येत असेल तर सांगा, पहाटे परतीला एकट्याने कोलवाळचा पूल ओलांडायचा कंटाळा येतो.