आमची वाटचाल : गॅस भरण्यापासून देखभालीपर्यंत

सुरुवातीला आम्ही फक्त एसीची दुरुस्ती करायचो. उन्हाळा लागला की फोन खणखणू लागत आणि बहुतेकांची मागणी एकच असे : "एसी गार करत नाही, गॅस भरून द्या." गॅस भरणं झटपट व्हायचं, पैसेही लगेच मिळायचे. पण एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत खोलीतली उष्णता बाहेर नेतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहेच. आणि पुष्कळदा तो कमी झालेलाच नसतो. फिल्टर तुंबलेला असतो, नाहीतर कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर, धुळीचा थर बसलेला असतो.

म्हणून आम्ही नियम केला : मोजल्याशिवाय गॅस भरायचा नाही. आधी फिल्टर, कॉइल आणि पंखा बघायचा. मग आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान, कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा भाग) किती अँपिअर वीज ओढतोय ते. गळती निघाली तर नायट्रोजनचा दाब देऊन आणि साबणाचं पाणी लावून जागा शोधायची, जोड नीट करायचा आणि व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा-ओल पूर्ण काढायची. ही शेवटची पायरी सर्रास गाळली जाते, आणि त्याचा आम्हाला मनापासून राग येतो. आत राहिलेली ओल तेलाशी मिसळून आम्ल तयार करते आणि पुढे कॉम्प्रेसरच जातो.

यात वेळ लागतो. "उगाच वेळ काढताय" असं म्हणून काही ग्राहक सोडून गेले. जे राहिले त्यांच्याशी वार्षिक देखभालीचे करार झाले आणि त्यावरच आमचा धंदा उभा राहिला. फिल्टर धुवायला आम्ही घरच्यांनाच शिकवतो. रोजच्या वापरात दोन-चार आठवड्यांनी तो धुतला की वीजही कमी लागते आणि कॉइलवर बर्फही धरत नाही. बर्फ दिसला की लोकांना वाटतं, एसी जोरात चालतोय. खरं तर हवा अडलेली असते किंवा गॅस कमी असतो.

हिवाळ्याचं काम नंतर आलं. हीट पंप म्हणजे तेच चक्र उलटं फिरवून बाहेरची उष्णता खोलीत आणणं. बाहेर फार कडाका नसेल तर एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते. थंडीत बाहेरच्या युनिटवर धरलेलं हिम तो मधूनमधून स्वतःच वितळवतो. तेव्हा निघणारी वाफ बघून घाबरलेल्यांचे फोन येतात, म्हणून हे आम्ही आता बसवतानाच सांगून ठेवतो. गॅसवर चालणाऱ्या बॉयलरला मात्र वेगळं प्रशिक्षण घेतलेला माणूसच हात लावतो. गॅस नीट जळला नाही तर निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि तिथे अंदाजाने काम करणं आम्हाला मान्य नाही.

जुना गॅस हवेत सोडणंही आम्ही बंद केलं आहे. तो यंत्राने सिलिंडरमध्ये ओढून घेतो. एसीत भरल्या जाणाऱ्या गॅसपैकी आर-22 ओझोनला मारक, त्यावर 1987च्या माँट्रियल करारात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनी बंधनं आणली. आर-410ए ओझोनला धक्का लावत नाही, पण तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 2,000 पट भारी पडतो. आर-32 त्याच्या एक तृतीयांशावर आहे, पण थोडासा ज्वलनशील. आता प्रोपेनवर चालणारी यंत्रंही येत आहेत, ती तर सहज पेट घेणारी. सगळ्या मुलांचं त्यावरचं प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत तसलं काम आम्ही घेत नाही.